बर्फ कुठला? ओटावातल्या एका गाडीच्या टायरांचं प्रकरण

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, मंगळवार, सकाळचे पावणेसात. कॅनडातल्या ओटावाच्या पूर्वेला ऑर्लीन्स नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका उताराच्या गल्लीत माझ्या भाच्याची गाडी स्टॉपच्या पाटीपाशी थांबायला हवी होती. ती थांबली नाही. वेग ताशी तीसच्या आसपास, ब्रेक वेळेवर दाबलेला, एबीएसची (ब्रेक लागताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) खडखड पायाला जाणवत होती. तरी शेवाळलेल्या घाटाच्या पायरीवरून पाय सटकावा तशी गाडी सावकाश सरकत चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. डावीकडून मीठ टाकणारा ट्रक येत होता, पण तो लांब होता म्हणून निभावलं.

सात वाजता मला फोन. "मामा, गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे रे. मग असं कसं झालं?"

या प्रश्नापासून टायर बसेपर्यंत अडीच आठवडे गेले. त्या काळात आम्ही काय काय तपासलं, काय बाद केलं आणि मी कुठे चुकलो, ते लिहून ठेवतो आहे. पुण्या-नाशकाहून आलेल्या जवळपास प्रत्येक घरात पहिल्या हिवाळ्यात हाच प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर बहुधा दुकानातला सेल्समन देतो.

गाडी, माणसं, रस्ता

भाचा आणि भाचेसून एप्रिलमध्ये पुण्याहून आले. जूनमध्ये त्यांनी सहा वर्षं वापरलेली एक छोटी एसयूव्ही घेतली. टायर २२५/६५ आर १७ मापाचे, ऑल-सीझन, कडेला 'एम प्लस एस' कोरलेलं. नक्षीची खोली मी मोजली तर साडेपाच मिलिमीटर भरली. पुण्याच्या हिशेबाने हे टायर जवळपास नवेच. टायरचा गोटा होईपर्यंत चालवायचा आणि गोटा झाला की स्टेपनीला टाकायचा, या संस्कारात वाढलेल्या माणसाला साडेपाच मिलिमीटरचा टायर काढून ठेवा म्हणणं म्हणजे चांगल्या चपला टाकून द्यायला सांगण्यासारखं आहे.

ते 'एम प्लस एस' म्हणजे मड अँड स्नो. हे वाचून भाचा निर्धास्त होता. पण या अक्षरांसाठी उत्तर अमेरिकेत टायरची कुठलीही चाचणी होत नाही. नक्षीतल्या खाचांची मांडणी आणि मोकळ्या जागेचं प्रमाण ठरावीक असलं की कंपनी ती अक्षरं कोरू शकते. आणि 'ऑल-सीझन'मधले सगळे सीझन म्हणजे ज्याने नाव ठेवलं त्याच्याकडचे सीझन.

भाच्याची नोकरी नदीपलीकडे, क्युबेक प्रांतातल्या गॅटिनो शहरात. रोज १७४ क्रमांकाचा रस्ता, मग पूल, मग गॅटिनो. मोठे रस्ते पहाटेच साफ केलेले असतात. अडचण होती ती घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या जेमतेम एक किलोमीटरची. ऑर्लीन्सचा काही भाग उंचवट्यावर आहे आणि त्यांचं घर तिथे वर. म्हणजे रोजची सुरुवातच उतारावरून, आणि उताराच्या तळाशी स्टॉपची पाटी.

क्युबेकमध्ये २००८पासून हिवाळी टायरांची सक्ती आहे. सध्या १ डिसेंबर ते १५ मार्च, आणि नियम मोडला तर दंड २०० ते ३०० डॉलर. ऑफिसातल्या कुणीतरी भाच्याला ही भीती घातली होती. पण ती सक्ती क्युबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना आहे. याच्या गाडीची नंबरप्लेट ओंटारियोची, म्हणजे ओटावा ज्या प्रांतात आहे त्याची, आणि ओंटारियोत अशी सक्ती नाही. एवढं कळल्यावर त्याचा चेहरा उजळला, आणि मला वाटलं की आता हा टायर घेत नाही.

एका शब्दाची गफलत

"पण मामा, त्या दिवशी बर्फ कुठे होता? रस्ता तर काळा होता."

गफलत इथेच होती. मराठीत आकाशातून भुरभुरत पडतो तोही बर्फ, फ्रीझरच्या ट्रेमध्ये असतो तोही बर्फ, आणि गोळेवाला किसतो तोही बर्फच. पुस्तकी भाषेत पहिल्याला हिम म्हणतील, पण घरात कोणी म्हणत नाही. टायरला मात्र ही दोन वेगळी दुनिया आहे. भुरभुरीत बर्फात खोल नक्षी रुतते, बर्फ खाचांत दाबला जातो, आणि बर्फाला बर्फ धरतो. गोठलेल्या पाण्याच्या काचेत रुतायला काही नसतं. त्यावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि शून्याच्या आसपास तो जास्त असतो. म्हणून उणे वीसमधल्या बर्फापेक्षा उणे एकमधला बर्फ जास्त निसरडा. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. तो कडाक्याच्या थंडीला घाबरतो आणि जरा ऊब आली की सैल सुटतो.

त्या मंगळवारी पहाटे फ्रीझिंग ड्रिझल झालं होतं. पडताना पाणी, टेकल्यावर काच. ओटावाला हे नवीन नाही. जानेवारी १९९८मध्ये इथे आणि माँट्रियलकडे असा पाऊस दिवसचे दिवस पडला आणि विजेचे मनोरे बर्फाच्या वजनाने वाकले. ५ एप्रिल २०२३लाही, म्हणजे क्युबेकच्या सक्तीची मुदत संपून तीन आठवडे झाल्यावर, तसंच झालं. त्याच २०२२-२३च्या हिवाळ्यात रिडो कालव्यावरचं ७.८ किलोमीटरचं स्केटिंग पहिल्यांदाच संपूर्ण मोसमात उघडलं नाही, कारण बर्फ पुरेसा जाड धरलाच नाही. पर्यटकाला ओटावा म्हणजे सहा महिने पांढरं गोठलेलं शहर वाटतं. गाडी चालवणाऱ्याला ते शून्याच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खाणारं शहर आहे: दुपारी वितळतं, रात्री गोठतं. रस्त्यावरच्या मिठाचंही तसंच. साधं मीठ उणे दहा-बाराच्या खाली जवळपास निकामी होतं, आणि जानेवारीत इथलं सरासरी तापमानच उणे दहाच्या आसपास असतं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, बर्फाचा टायर घ्यायचा की नाही हा प्रश्न नंतर. आधी सांग, तुझा बर्फ कुठला?

उताराचा हिशेब

भाचा इंजिनिअर आहे, त्याला आकडे दिले की पटतं. रविवारी जेवण झाल्यावर एका पाकिटाच्या मागे आम्ही हिशेब मांडला. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग, भागिले दोन गुणिले घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण. बारावीचं सूत्र. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर.

कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे रस्ता टायरला किती धरतो त्याचा आकडा, ०.८ धरला तर गाडी साधारण साडेचार मीटरमध्ये थांबते. बर्फाच्या काचेवर तो ०.१च्या आसपास येतो, आणि अंतर होतं ३५ मीटर. हे सपाटीवर. आता गल्लीचा उतार पाच टक्के धरा. उताराची ओढ घर्षणातून ०.०५ खाऊन टाकते, हातात उरतात ०.०५, आणि थांबायला लागतात सुमारे ७० मीटर. भाच्याने ब्रेक दाबला होता पाटीच्या पंचवीसेक मीटर अलीकडे. चौकात जाऊन तरी थांबला हेच नवल. बहुतेक मधे कुठेतरी खडबडीत पट्टा लागला असावा.

याच पाकिटावरची पुढची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा चांगल्या टायरने घर्षणांक ०.१वरून ०.१३वर नेला. वाढ किरकोळ आहे. सपाटीवर ३५ मीटरचे २७ होतात, ठीक आहे. पण उतारावर हातात ०.०५च्या जागी ०.०८ उरतात, आणि ७० मीटरचे थेट ४४ होतात. म्हणजे ज्याचं घर उतारावर आहे, त्याच्यासाठी टायरमधला बारीकसा फरकही फुगून येतो. सपाट वस्तीत राहणाऱ्याचा सल्ला अशा माणसाला लागू पडत नाही.

आणि ऑल-व्हील ड्राइव्ह? तिने या गणितात कुठेच हात घातलेला नाही. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते तेव्हा गाडी जागची हलायला आणि चढ चढायला सोपी जाते. ब्रेक मात्र माझ्या जुन्या सेदानलाही चारही चाकांना आहेत. उलट या गाड्यांचा एक तोटा असा की त्या न घसरता सुटतात, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय भाच्यानेच आणला आणि तोच सगळ्यात स्वस्त होता. गॅटिनोतल्या एका माणसाकडे चार वापरलेले हिवाळी टायर, रिमसकट अडीचशे डॉलर. फोटो मोठा करून पाहिला तर नक्षीत चमकणारे ठिपके दिसले. खिळ्यांचे टायर! काचेसारख्या बर्फावर धातूच्या खिळ्यांइतकं काही धरत नाही, हे खरं. क्युबेकमध्ये १५ ऑक्टोबर ते १ मे त्यांना परवानगी आहे. पण ओंटारियोत ती सवलत फक्त उत्तरेकडच्या रहिवाशांना, ओटावाला नाही. म्हणजे ऑफिस असलेल्या शहरात कायदेशीर आणि घर असलेल्या शहरात बेकायदा. शिवाय टायरच्या कडेचा चार आकडी शिक्का वाचला: ३९१६. म्हणजे २०१६च्या ३९व्या आठवड्यात बनलेला. एवढ्या वर्षांत रबर कडक झालेलं असणार, नक्षी कितीही दिसो. तो पर्याय तिथेच मिटला.

दुसरा पर्याय भाचेसुनेचा. "मामा, पुढचे दोनच घेतले तर? अर्धे पैसे." हा विचार पुष्कळांच्या डोक्यात येतो आणि तो खरोखर धोकादायक आहे. पुढची चाकं धरतात, मागची धरत नाहीत, वळणावर ब्रेक लागला की मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. चार म्हणजे चार. विम्याची सवलतही चारांवरच मिळते. २०१६पासून ओंटारियोत हिवाळी टायर लावणाऱ्याला सवलत देणं प्रत्येक विमा कंपनीला बंधनकारक आहे.

मग उरले तीन, आणि तिन्हींच्या कडेला तेच चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. सेल्समनचं म्हणणं, चिन्ह सारखं म्हणजे टायर सारखे, जो स्वस्त तो घ्या. इथे मी थोडा चिडलो. ते चिन्ह फुकटचं नाही, 'एम प्लस एस'सारखं नुसतं कोरलेलं नाही, त्यामागे चाचणी आहे. पण चाचणी कशाची? उत्तर अमेरिकेत १९९९पासून पद्धत अशी आहे: दाबलेल्या भुरभुरीत बर्फावर टायर वेग घेताना किती पकडतो ते मोजायचं, आणि ठरवून दिलेल्या एका नमुना टायरपेक्षा तो किमान दहा टक्के सरस निघाला की चिन्ह द्यायचं. वेग घेताना, बरं का. ब्रेक नाही, वळण नाही, आणि गोठलेल्या पाण्याची काच तर नाहीच नाही. युरोपात २०२१पासून टायरच्या लेबलवर बर्फाच्या काचेवरच्या पकडीसाठी वेगळं चिन्ह आलं, म्हणजे त्यांनाही हे दोन बर्फ वेगळे करावे लागले. तीन शिखरांचं चिन्ह ही पास झाल्याची पावती आहे. पस्तीस मिळाले की पंच्याण्णव, ते तिच्यावर लिहिलेलं नसतं.

त्या तिघांपैकी पहिला टायर जास्त वेगाचा हिवाळी टायर होता, सवलतीत लागलेला. हा प्रकार मध्य युरोपातल्या रस्त्यांच्या गरजेचा: थंड, ओलं डांबर, मधूनमधून बर्फ, आणि मोटारमार्गावरचा मोठा वेग. त्याचं रबर वेग सोसायला थोडं घट्ट ठेवतात. आमच्याकडे मोठ्या रस्त्यांवर वेगमर्यादा १०० ते ११०. टायरच्या कडेच्या वेगाच्या अक्षरांत टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. भाच्याने एचवाला जास्त चांगला समजून निवडला होता. उतारावरून वीसच्या वेगाने उतरणाऱ्या माणसाला २१०चं काय करायचं?

दुसरा ऑल-वेदर. हा ऑल-सीझनपेक्षा वेगळा, त्यावर शिखरांचं चिन्ह असतं आणि तो बाराही महिने चालतो. इथे मात्र आम्ही दोन दिवस अडलो, कारण पर्याय खरोखर चांगला आहे. वर्षातून दोनदा टायर बदलायला नको, आणि टाऊनहाऊसच्या चिमुकल्या गॅरेजमध्ये चार चाकं रचायला नकोत. हाच भाचा टोरांटोत सपाट वस्तीत राहत असता आणि आठवड्यातून दोनदा गाडी काढत असता, तर मी डोळे मिटून ऑल-वेदर घ्यायला सांगितलं असतं. पण जे रबर ओटावाच्या जुलैत तीस-बत्तीस अंशांच्या डांबरावर झिजता कामा नये, ते जानेवारीत पाहिजे तितकं मऊ राहू शकत नाही. भुरभुरीत बर्फात हा टायर छान चालतो. काचेवर तो मागे पडतो, आणि पाकिटावरच्या हिशेबाप्रमाणे उतारावर तेच थोडं मागे पडणं महागात जातं.

तिसरा, बिनखिळ्यांचा निव्वळ हिवाळी टायर. याची कुळकथा मला फार आवडते. हिवाळ्यासाठी खास टायर पहिल्यांदा फिनलंडमध्ये १९३४ साली बनला. ज्या कंपनीने तो बनवला ती पुढे नोकिया समूहात गेली आणि १९८८मध्ये टायरचा धंदा वेगळा झाला. म्हणजे आपल्या हातातला तो न फुटणारा फोन आणि हा टायर एकाच घरचे. पण बिनखिळ्यांच्या टायरला खरी गती मिळाली जपानमध्ये. तिथे खिळ्यांनी रस्ते खरवडले जाऊन शहरांत धुळीचे लोट उठू लागले, तक्रारी वाढल्या, आणि १९९०मध्ये खिळ्यांविरुद्ध कायदाच झाला. त्याआधी १९८८मध्ये ब्रिजस्टोनने ब्लिझॅक आणला होता. त्याच्या रबरात अतिसूक्ष्म छिद्रं असतात, ती बर्फावरचा पाण्याचा पातळ थर टिपून घेतात. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा. त्या पाणी पुसतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फाला नखासारखी धरते. रबर इतकं मऊ की उणे पंचवीसलाही अंगठ्याने दाबलं तर दबतं. भाच्याला मी दुकानाबाहेर उभं करून आधी त्याच्या गाडीचा टायर आणि मग हा नवा टायर अंगठ्याने दाबायला लावला. त्या दिवशी उणे सहा होतं. त्याने दोन्ही दाबले आणि काही बोलला नाही. निर्णय तिथेच झाला असावा, असा माझा अंदाज आहे.

पैसे

चार टायर ७८०, चार लोखंडी रिम ३६०, बसवणं आणि बॅलन्सिंग १००, वर तेरा टक्के कर. एकूण १४०० डॉलर. व्हिडिओ कॉलवर ताईने लगेच रुपयांत गुणाकार केला आणि म्हणाली, "ऐंशी-पंच्याऐंशी हजार टायरला? अरे, मनालीला आपल्या ड्रायव्हरने साखळ्या बांधल्या होत्या, त्या का नाही बांधत?" साखळ्या घाटातल्या तुडुंब बर्फासाठी असतात. जिथे शंभर मीटर बर्फ आणि पुढचा किलोमीटर उघडं डांबर, तिथे रोज सकाळी त्या बांधायच्या आणि सोडायच्या कुणी? ताईला हे पटलं की नाही कोण जाणे, पण तिने "जे काय घ्यायचं ते चांगलं घ्या" असं म्हणून विषय संपवला.

ऑल-वेदरचा खर्च हजार-अकराशे आला असता. वरवर फरक तीनशेचा, शिवाय दर मोसमाला चाकं बदलायचे सत्तर डॉलर. पण पाच महिने हिवाळी टायर चालले की तेवढे महिने जुने ऑल-सीझन गॅरेजमध्ये आराम करतात. एकूण रबर तेवढंच झिजतं, फक्त दोन जोड्यांत वाटून. खरा जादा खर्च रिमचा आणि बदलण्याचा. रिम वेगळे घेतले नाहीत तर दरवेळी टायर रिमवरून ओढून काढायचा आणि पुन्हा चढवायचा, त्यात मजुरीही जास्त आणि टायरच्या कडाही दुखावतात.

एक गोष्ट मी वाचवायला सांगितली: रिममध्ये बसणारे हवेच्या दाबाचे सेन्सर. दोनशे डॉलर जास्त लागत होते आणि कॅनडात ते बंधनकारक नाहीत. "डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहील, दुर्लक्ष कर," असं मी ऐटीत सांगितलं. त्याचा हिशेब पुढे चुकता झाला.

बसवल्यावर

पहिला बर्फ पडला की सगळ्या ओटावाला एकाच दिवशी टायर आठवतात. आमचा नंबर लागला तो डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी. तोवर भाचा बसने गेला, हे त्याचं शहाणपण. खरं तर तापमान सातत्याने सात अंशांच्या खाली जाऊ लागलं की, म्हणजे इथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून, हे काम उरकायचं असतं. सात हा काही जादूचा आकडा नाही. सातला ऑल-सीझनचं रबर अचानक दगड होत नाही, ते हळूहळू ताठरत जातं.

त्या शनिवारी आयती संधी मिळाली. रात्री बोटभर बर्फ पडला होता, तापमान उणे नऊ. सकाळी जुन्या टायरवर एका रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही ताशी तीसवरून पूर्ण ब्रेक दाबला आणि गाडी गाड्यांचे किती गाळे ओलांडून थांबते ते मोजलं: सात. दुपारी टायर बदलून तिथेच पुन्हा: पाचाला जरा कमी. हे काही शास्त्र नव्हे, सकाळ-दुपारमध्ये बर्फही थोडा दबला असेल. पण ऑल-व्हील ड्राइव्हवरची भाच्याची श्रद्धा त्या दोन गाळ्यांत संपली. काचेसारख्या बर्फावर आधी-नंतर मोजायची हौस आम्हा दोघांनाही नव्हती. आणि हे नव्या टायरचे पहिले दिवस होते. साच्यातून काढताना लागलेला लेप आणि वरचा गुळगुळीतपणा झिजायला तीन-चारशे किलोमीटर जावे लागतात, तोवर टायर आपली खरी पकड दाखवत नाही.

जानेवारीत माझी ऐट उतरली. उणे पंचवीसच्या सकाळी भाचेसुनेचा फोन, "मामा, गाडी जड वाटतेय, स्टिअरिंग आळसावल्यासारखं आहे. तुम्ही बघता का?" गेजने मोजलं तर चारही चाकांत २८ पीएसआय, पाहिजेत ३५. पंक्चर नव्हतं. दुकानाच्या उबदार गॅरेजमध्ये, पंधरा अंशांना, हवा ३५ भरली होती. चाळीस अंशांनी पारा उतरला की बंद टायरमधला दाब साधारण सात पीएसआयने उतरतो. सेन्सर असते तर दिव्याने सांगितलं असतं. पण आमचा दिवा डिसेंबरपासून पेटलेलाच होता, त्यामुळे त्याने काय सांगायचं? दोनशे डॉलर वाचवून मी त्यांच्याकडून एक पहारेकरी काढून घेतला होता. आता त्यांच्या दाराशेजारी वीस डॉलरचं गेज टांगलेलं असतं आणि दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, हवा मोजली जाते. पुढच्या वर्षी सेन्सर घेणार आहेत. माझ्या सल्ल्याविना.

फेब्रुवारीत पुन्हा तसाच पाऊस झाला, पडताना पाणी आणि टेकल्यावर काच. भाच्याने आधी पायी उतरून गल्ली पाहिली. रस्ता दिव्याच्या उजेडात चमकत होता. मग तो उलट्या बाजूने, लांबच्या सपाट रस्त्याने गेला. दहा मिनिटं जास्त लागली. दुसऱ्या दिवशी मीठ-वाळू पडल्यावर त्याच उतारावरून पंधरा-वीसच्या वेगाने उतरला, अर्ध्या वाटेपासून हलके ब्रेक दिले, आणि पाटीच्या दोन गाड्या अलीकडे थांबला. त्याने फोन करून सांगितलं ते एवढंच की एबीएस खडखडलं नाही.

टायर काढले एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. त्याचे शेजारी मार्चच्या अखेरीस मोकळे झाले होते आणि याला हसत होते, पण २०२३चा ५ एप्रिल मी त्याला इतक्या वेळा ऐकवला होता की त्याने घाई केली नाही. नक्षी मोजली: नवे असताना नऊ, आता पुढचे सव्वाआठ, मागचे साडेआठ. हिवाळ्यासाठी चार-पाच मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी धरत नाही, मग कायदा काहीही म्हणो. या झिजेने चार-पाच हिवाळे सहज निघतील.

गॅरेजमध्ये चाकं रचताना भाचेसुनेने प्रत्येकावर पिवळ्या खडूने देवनागरीत लिहून ठेवलं आहे: डा.पु., उ.पु., डा.मा., उ.मा. ऑक्टोबरात पुढची जोडी मागे जायची आहे.